पिंजरकर बाईंच्या ऑटोसाठी लिफ्ट

बडनेरा रोडवर पिंजरकर बाईंच्या ऑटोला कुणीही हात दाखवला तरी तो थांबतो. माणूस म्हणतो, "राजकमल चौक?" बाई म्हणतात, "बस." उतरताना तो खिशात हात घालतो तेव्हा बाई मान हलवतात.

"भाडं नाई. खाजगी गाडी हाये. फक्त एक सांग, मघाशी मी उजवीकडे वळवली, तं तू डावीकडे काहून कलला?"

बहुतेक लोक उत्तर न देता गर्दीत घुसतात. एकाने "बाई, मी काही पिऊन नाई" असं शपथेवर सांगितलं होतं. कॉलेजातल्या एका मुलीने मात्र बरोबर उत्तर दिलं. बाई इतक्या खूश झाल्या, की बोलण्याच्या नादात तिला जिथून घेतलं होतं तिथेच परत नेऊन सोडलं.

बाई सदुसष्ट वर्षांच्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, राहतात एकट्या. मला आठवीत त्यांनीच नापास केलं आणि आता मी त्यांचा शेजारी आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल झालो, तरी त्या माझ्याकडे अजून वही पूर्ण न केलेल्या मुलासारखंच पाहतात.

त्यांच्या पर्समध्ये चष्म्याशेजारी एक लेव्हलची पट्टी असते, गवंडी लोक फरशी बसवताना वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. कुणाच्याही घरी गेल्या की चहा यायच्या आत ती पट्टी टेबलावर जाते. बाई वाकून बुडबुडा पाहतात आणि म्हणतात, "हं." त्या 'हं'च्या धास्तीने माझी बायको त्या येणार असल्या की फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवते.

मागच्या वर्षी एका सकाळी त्यांनी पट्टी ऑटोच्या मागच्या सीटवर ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला. मग पट्टी जमिनीवर ठेवली, तर जमीन सरळ. चाकांतली हवा मोजली, ती सारखी. म्हणजे ऑटोच डावीकडून उचललेला होता, जेमतेम अर्धा इंच.

मेकॅनिक रफिकभाईंना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, जुना माल हाये. चासी वाकली असंल. तसं असंल तं मंग भंगारातच जाईन."

बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हा ऑटो त्यांनी शालिकरामभाऊंच्या मागे त्यांच्या घरून घेतला होता. शालिकरामभाऊंनी याच ऑटोतून बाईंना सव्वीस वर्षं शाळेत नेलं-आणलं. ते गेले, बायको बाळापूरला मुलाकडे राहायला गेली आणि ऑटो विकायला निघाला. बाईंनी तो घेतला, चालवायला शिकल्या, कागद खाजगी करून घेतले. कुणी कारण विचारलं की म्हणत, "तीन चाकाचं संतुलन हा अभ्यासाचा विषय हाये."

"आडवा पाडून पाह्यतो ना," रफिकभाई म्हणाले. ऑटोचं पोट पाहायची हीच रीत. दोघं जण धरतात, कुशीवर कलंडवतात, खाली जुने टायर टाकतात, पाच मिनिटांत काम.

"आडवा नाई पाडाचा."

"काहून?"

"बॅटरीचं पाणी सांडते."

"बॅटरी काढून ठेवतो."

"तेल सांडते. काच फुटते. नाई म्हणजे नाई."

रफिकभाई बिचारे पाठीवर झोपून ऑटोखाली सरकले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मले तं काही दिसून नाई राह्यलं." बाई म्हणाल्या, "तुले दिसलं नाई, एवढंच सिद्ध झालं. निरीक्षण आपल्या डोळ्याचं पाह्यजे." पण त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायलाही मनाई केलेली, मग ऑटोखाली सरकणं दूरच. म्हणून ठरलं, की बाई खाली जाणार नसतील तर ऑटोनेच वर जायचं. घरच्या शेडमध्ये लिफ्ट बसवायची.

मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. आठ दिवसांनी त्यांनी मला नवी कोरी प्रयोगवही दाखवली. पहिल्या पानावर 'उद्देश', दुसऱ्यावर 'साहित्य', पुढची पानं निरीक्षणासाठी मोकळी.

आधी आम्ही कार धुण्याच्या एका मोठ्या सेंटरवर गेलो. तिथे दोन खांबांची लिफ्ट होती, तिचे चार हात गाडीच्या चार कोपऱ्यांखाली जातात. ऑटोला पुढचे दोन कोपरे आणायचे कुठून? मालक म्हणाला, "मावशी, हे चार चाकवाल्यांसाठी हाये." बाईंनी वहीत लिहिलं : 'नापास.'

मग मोटरसायकल उचलायचं टेबल पाहिलं. पुढचं चाक त्यावर ऐटीत चढलं, मागची दोन्ही दोन बाजूंना हवेत. तेही नापास. शेडमध्ये खड्डाच खणावा असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे आठवीतल्या नजरेने पाहिलं.

"आपली माती कोणती?"

"काळी."

"पावसाळ्यात काय होते?"

"फुगते."

"अन् खड्ड्याच्या भिंती?"

वहीत कदाचित माझ्याही नावापुढे काही लिहिलं गेलं असेल.

शेवटी अकोल्याच्या एमआयडीसीत वानखडे नावाचे फॅब्रिकेशनवाले मिळाले. आम्ही एसटीने गेलो. बाईंच्या मांडीवर पुठ्ठ्याचा ऑटो होता, चाकं दोऱ्याच्या रिळांची. शेजारच्या बाईने विचारलं, "नातवासाठी काय?" पिंजरकर बाई म्हणाल्या, "नाई, वानखड्यांसाठी."

वानखड्यांनी मॉडेल हातात घेऊन फिरवलं. "मॅडम, म्हणजे चार खांब, मागच्या चाकांसाठी दोन पट्ट्या, अन् मधात पुढच्या चाकाची तिसरी. असंच ना? पण एका ऑटोसाठी?"

"एकच ऑटो हाये माह्याकडे."

"किती उंच न्यायचा?"

बाई एका खुर्चीवर ताठ बसल्या आणि मला म्हणाल्या, "मोज. जमिनीपासून डोक्यालोक." चार फूट भरलं. "एवढा वर. मी खाली खुर्ची टाकून बसन."

वानखड्यांनी पेन खाली ठेवला. "तुमी स्वतः खाली बसान? मॅडम, मी डबल खटका लावून देतो. तेल गळलं तरी खटका धरून ठेवते."

"दाखव."

ते कारखान्यातल्या एका तयार लिफ्टपाशी गेले. बाईंनी पिशवीतून एक मोठं कोहळं काढलं. ते त्यांनी अमरावतीहून आणलं होतं आणि मला वाटत होतं, अकोल्यात कुणाला भेट द्यायचं असेल. ते त्यांनी लिफ्टच्या खाली, बरोबर मधोमध ठेवलं. वर लोखंडाची चळत. "आता तेल सोड."

सगळा कारखाना हातातलं काम टाकून जमला. वानखड्यांनी घाम पुसला आणि नळी सोडली. खाडकन आवाज झाला, लिफ्ट दोन बोटं खाली आली आणि थबकली. कोहळं जसंच्या तसं. बाईंनी पट्टी काढून लिफ्टवर ठेवली, बुडबुडा पाहिला आणि 'हं' न म्हणता चक्क हसल्या. त्या दुपारी वानखड्यांच्या घरी कोहळ्याची भाजी झाली आणि आम्ही दोघं जेवूनच निघालो.

महिनाभराने लिफ्ट आली. तोवर शेडचं टिनाचं छप्पर दोन फूट वर गेलं होतं आणि कॉलनीत, बाई दुसरा मजला चढवून राहिल्या, अशी बातमी पसरली होती. एका रविवारी सकाळी रफिकभाईंनी ऑटो पट्ट्यांवर चढवला आणि बटन दाबलं. ऑटो सावकाश वर गेला. खटके लागले. बाईंनी खाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, टॉर्च घेतली आणि जाऊन बसल्या. मी त्यांच्यामागे वाकून उभा राहिलो.

आधी त्यांनी चासी पाहिली. ती सुतासारखी सरळ होती. उजव्या चाकाची स्प्रिंग पाहिली, नंतर डाव्या. टॉर्च तिथेच थांबली.

डाव्या स्प्रिंगच्या वरच्या टोकाशी, चिखलाच्या थराआड, रबराच्या तीन गोल चकत्या होत्या. जुन्या टायरमधून कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, सरकू नयेत म्हणून बारीक तारेने बांधलेल्या. रफिकभाईंनी वाकून पाहिलं. "हे कंपनीचं नाई. कोणीतरी हातानं बसवलं. म्हणून अर्धा इंच उचललं ना. काढून टाकू काय?"

"हात नको लावू," बाई म्हणाल्या.

मग खुर्चीवरूनच बाळापूरला फोन लावला. शालिकरामभाऊंच्या पत्नी पंचफुलाबाई मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पंचफुला, ऑटोच्या डाव्या बाजूनं हे रबर कोणं लावलं?"

"ह्याईनंच. तुमची कंबर धरली व्हती ना त्या साली? तुमी नेहमी डावीकडेच बसत. गड्डा आला की तुमी डोये मिटता, हे ह्याईले आरशात दिसे. मंग एक दिवस घरी बसून टायर कापलं."

"मले सांगतलं नाई कधी."

"मी म्हणलं ना, सांगा बाईले. तं म्हणे, नाई. सांगतलं तं बाई म्हणतीन, दोन्ही बाजू सारख्या कर."

बाई हसल्या नाहीत. "जेवली काय?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला. टॉर्च बंद करायची राहून गेली, ती मीच त्यांच्या हातातून घेऊन बंद केली.

ऑटो खाली आला. बाईंनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तू तुह्या वडलाची स्कूटर चालवत व्हता ना? गिअर तसेच हायेत. चाल." आणि त्या मागे जाऊन डावीकडे बसल्या.

कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी आपोआप शाळेच्या रस्त्याला लागलो. वाटेत दोनदा ऑटो बंद पडला, तरी मागून एकही सूचना आली नाही. रविवार असल्याने शाळेसमोर कुणी नव्हतं. फाटकाची लहान खिडकी तेवढी उघडी होती. मी रस्त्याच्या कडेला थांबलो.

"उतरायचं का, बाई?"

त्या फाटकाकडे पाहत होत्या. "मी रोज इथं उतरो अन् सरळ चालत जावो. ऑटो सुरू झाल्याचा आवाज मले कधी लगेच आला नाई. म्हणजे ते थांबत असतीन. किती वेळ थांबत, कोणाले माहीत. सव्वीस वर्षांत मी एकदाही मागं वळून पाह्यलं नाई."

बाई उतरल्या. पदर सारखा केला. "तू थांब," म्हणाल्या आणि नव्या गुडघ्यांनी हळूहळू फाटकाकडे चालू लागल्या. तीसेक पावलं असतील. मी इंजिन सुरूच ठेवलं होतं, हात हँडलवर. फाटकाशी पोचून त्या थांबल्या, आणि वळल्या.

मी तिथेच होतो. मी हात वर केला.