सासूबाईंची सीट आणि नऊ इंच

जमिनीपासून माणूस जितका वर तितका तो मोठा, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या समाजांना मान्य आहे. न्यायाधीशाची खुर्ची चौथऱ्यावर असते, वक्त्याला व्यासपीठ लागते आणि वरच्या मजल्यावरचे लोक खालच्यांच्या डोक्यावर सतरंज्या झटकतात. या तत्त्वाचा लाभ मालवाहू वाहनांनाही मिळावा, हा विचार आमच्या साडूभाऊंनी सर्वप्रथम मांडला. (सर्वप्रथम म्हणजे शेजारचा पाणीवाला आपली पिकअप उंच करून घेऊन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी.)

आमची पिकअप सासूबाईंच्या रोपवाटिकेची. धाकटे जावई म्हणून साडूभाऊ ती चालवतात आणि थोरला जावई म्हणून मी सल्ले देतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर सासूबाई बसत. प्रत्येक दाराशी उतरत, गिऱ्हाइकाच्या कुंडीत बोट खुपसून ओल बघत आणि एक रोप मागणाऱ्याच्या गळ्यात चार मारत. रोपवाटिकेचा सगळा धंदा त्या एका सीटवर चालत होता.

साडूभाऊंनी गॅरेजात मुक्काम ठोकला. ॲक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसले, म्हशीला लाजवतील असे टायर चढले आणि गाडी नऊ इंच वर गेली. मेकॅनिक म्हणाला, “भाऊ, आता खड्डाच तुम्हाला बघून बाजूला होईल.” आमच्या भागातले रस्ते दुर्दैवाने गुळगुळीत असल्यामुळे या विधानाची खातरजमा अद्याप होऊ शकलेली नाही.

बाकी फायदे मात्र लगेच दिसू लागले. टायर मोठे झाल्यामुळे वेगाचा काटा कमी दाखवतो. त्यामुळे गाडी भरधाव जात असली तरी मन शांत राहते. डावीकडे वळताना टायर मडगार्डला घासतो, म्हणून साडूभाऊ तीनदा उजवीकडे वळून डावीकडे जातात. (यामुळे गाडी जास्त लोकांना दिसते.) डिझेलचा खप वाढल्याने पंपावरचा माणूस आता नमस्कार करतो. कुंड्या चढवायला पूर्वी एक माणूस पुरे, आता दोन लागतात, म्हणजे रोजगारनिर्मितीही झाली.

गैरसोय एकच. सासूबाई.

“मी चढू कशी? पंख लावू का?”

“आई, स्टूल आणलंय ना!”

स्टूल डुगडुगलं. सासूबाईंनी गुडघा दाबला, जावयाकडे बघितलं. “या वयात मला सर्कशीत घालताय होय रे?” असं म्हणून त्या रोपवाटिकेत गेल्या आणि गाडीकडे पाठ करून खुरपं घेऊन बसल्या.

त्या आठवड्यात एकच गुलाब विकला गेला, तोही परत आला. आयुष्यभर दारोदार हिंडलेली बाई वाफ्यातलं तेच ते गवत उपटत बसलेली बघून मला वाईट वाटलं. साडूभाऊंनाही वाटलं असतं, पण ते टायर पुसत होते. शेवटी आमच्या मंडळींनी सुनावलं, “आईला गाडीत बसवा, नाहीतर गाडी भंगारात घाला!”

गाडी खाली आणण्याच्या सूचनेवर समितीने (मी आणि साडूभाऊ) सखोल विचार केला आणि ती फेटाळली, कारण पाणीवाला हसला असता. त्याऐवजी दारात विटांचा पायऱ्यांचा ओटा बांधला. सासूबाई ओट्यावर चढल्या आणि तिथून थेट सीटवर बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरण्याची सोय फक्त घरीच आहे, हे पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात लक्षात आलं.

सासूबाई वरच अडकल्या. आता आमचा उद्धार होणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. पण त्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे टक लावून बघत होत्या. इतकी वर्षं लोक फाटकाजवळ दोन हिरव्या कुंड्या मांडून त्यांना दाखवत आले होते. भिंतीमागचं त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होतं.

“अहो ताई!” सासूबाई कडाडल्या. “झाड मेलंय तुमचं! आणि मला सांगता, छान आहे म्हणून? त्या कुंडीत फुटक्या बश्या कशाला भरल्यात?”

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ताईंनी सहा रोपं घेतली. शेजारणीने न विचारता आठ घेतली. लोक हौसेपोटी एक झाड घेतात, लाजेपोटी बाग लावतात, हा व्यापाराचा नियम त्या दिवशी सिद्ध झाला. संध्याकाळी गाडी रिकामी होऊन परतली. सासूबाई ओट्यावर उतरल्या, टायरवर हात फिरवला आणि साडूभाऊंना म्हणाल्या, “अजून चार इंच मिळतील का रे? पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्या अर्ध्याच दिसतात.”

ठोकळे कालच बसले.

इतका वेळ तुम्ही आमच्यावर हसत होतात, त्याबद्दल राग नाही. फक्त तुमच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांमागे, कोपऱ्यात एक कुंडी आहे. तिच्यात कडक माती, एक काडी आणि कपड्यांचे चिमटे आहेत. उद्या सकाळी आम्ही तुमच्या गल्लीत येतोय. आता पाणी घालायला धावू नका. ओली केलेली मेलेली काडी सासूबाई रस्त्यावरूनही ओळखतात.