मारबतीच्या गळ्यातला किडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला डिंपलनं फ्रिज उघडला, दह्याच्या गंजामागं हात घातला आणि तो हात तसाच आत राहिला. कुपी नव्हती. सुकलेलं लिंबू होतं, कढीपत्ता होता, खुशीच्या तापाचं अर्धं औषध होतं. बोटाएवढी, रबरी बुचाची, स्पिरिटनं भरलेली कुपी मात्र नव्हती.

त्या कुपीत एक नर होता. तसला दुसरा अजून जगात कोणाच्याच हाती लागलेला नव्हता.

डिंपल बहेकार प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. पुढचं संशोधन लग्नात राहिलं, उरलंसुरलं बाळंतपणात गेलं, आणि आता तिची सगळी विद्या अडीच वर्षांच्या खुशीवर खर्ची पडत होती. पोरगी संध्याकाळी खेळून आली की डिंपल भिंग आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन तिचे कान, बोटांच्या बेचक्या, फ्रॉकच्या शिवणी तपासायची. अशाच एका तपासणीत फ्रॉकच्या घेरावर तिला एक किडा दिसला. तीळसुद्धा त्याच्यापुढं धिप्पाड वाटला असता. पंख नाहीत, बूड तांबूस. पहिल्या अर्ध्या तासात तिनं पोरीला दोनदा अंघोळ घातली. दुसऱ्या अर्ध्या तासात किड्याचा फोटो गोंदियाच्या टेंभरे सरांना पाठवला. सरांनी तिला कॉलेजात शिकवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "हा गवतावरचा फुलकिडा. पण असला मी पाहिलेला नाही. बहुतेक कोणीच नाही. आणखी मिळव."

मग महिनाभर, दुपारी तीनला खुशी झोपली की, डिंपल घरच्या भातखाचराच्या, बांधीच्या, गवताळ धुऱ्यावर पांढरी ताटली घेऊन बसायची आणि गवत झटकायची. चाळीस माद्या मिळाल्या, त्या सरांकडे पोचल्या. नर मिळाला एक, तोही परवा. नवी जात म्हणून जाहीर करायचं तर तिचं वर्णन लिहावं लागतं, आणि सर नराशिवाय ते लिहायला तयार नव्हते. सर आज दुपारच्या गाडीनं बंगळूरला निघणार होते. तिथं जगभरच्या फुलकिड्यांचे नमुने होते, त्यांच्याशी हा ताडून पाहायचा होता. नर पोचला तर वर्णनावर सरांच्या शेजारी डिंपलचं नाव लागणार होतं. नाही पोचला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणं म्हणजे काय, हे चार वर्षं थांबलेल्या डिंपलला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आई, फ्रिजातली ती छोटी कुपी कुठं गेली?"

तिच्या सासूबाई सुशिलाबाई चुलीपाशी चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मारबतीसंग पाठवली."

"का?"

"काऊन म्हंजे? पोरगी रातभर खोकलून राहिली. घरात किडे पोसून ठेवले तं खोकनारच. तूच तं मले शिकवते, गवतात बसू नोका देऊ, किड्यानं इन्फेक्शन होते."

हे डिंपलनं खरोखरच शिकवलं होतं. दोन वर्षांत तीन-चारशे वेळा तरी.

"आई, तो मेलेला किडा होता. स्पिरिटमधला."

"मेला असंल तं जाईनच ना आरामानं. चहा घे."

डिंपलनं चहा घेतला नाही. खुशीला कडेवर मारलं आणि गाऊनवर, अनवाणी, निघाली. पोरीला सासूजवळ ठेवता आलं असतं, पण खोकणाऱ्या लेकराला नजरेआड करायचं नाही हा तिचा नियम होता. वाटेत तिनं पळता पळता दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. माती-तणसाची बाई करायची, घरातली सगळी पिडा तिच्या हवाली करायची आणि गावाच्या शिवेवर नेऊन जाळायची. डिंपल पोचली तेव्हा मारबत शिवेवरच्या पळसाखाली टेकवलेली होती. तिच्या अंगावर फुटके झाडू होते, फाटकी मच्छरदाणी होती, गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, कोणीतरी खोचलेलं बारावीच्या गणिताचं पुस्तक होतं. आणि गळ्यात, लाल धाग्यात ओवून ताईतासारखी लटकवलेली, डिंपलची कुपी.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत," पोरं ओरडत होती. "ढेकून-मच्छर घेऊन जा गे मारबत."

केवळराम काकांच्या हातात काडेपेटी होती. दरसाल मारबत पेटवायचा मान त्यांचा.

"काका, थांबा जरा," डिंपल धापा टाकत म्हणाली. "ती गळ्यातली कुपी माझी आहे. तेवढी काढून घेते."

काडी पेटली होती, ती केवळरामांनी फुंकून विझवली. "नाई जमत, सूनबाई. मारबतीसंग आलेली चीज वापस नाई नेत. मांगच्या साली बकारामनं इची चांगली दोरी सोडून नेली. आठ दिसात घरच्या चौघायचे डोळे आले."

"पाच जनायचे," गर्दीतून बकाराम म्हणाला. "सासू आली होती."

डिंपलला वाटलं, नीट समजावून सांगितलं तर लोक ऐकतात. शिकलेल्या माणसांना असं वाटतं. ती म्हणाली, "काका, ह्या कुपीत साधा किडा नाही. हा नवीन किडा आहे. आजपर्यंत जगात कोणाला माहीत नव्हता."

पोरं ओरडायची थांबली. ऐन भादव्याच्या तोंडावर, धान पोटरीवर येत असताना, धान पिकवणाऱ्या साठ माणसांसमोर नवीन किडा निघाल्याची बातमी अशी हसतमुखानं द्यायची नसते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"नवीन?" केवळराम हळूच म्हणाले. "तुडतुड्याहून नवीन?"

"कोनाच्या बांधीत सापडला?" मंदाबाईनं विचारलं.

"आमच्या धुऱ्यावर."

साठ माना उमेंद्रकडे वळल्या. डिंपलचा नवरा इतका वेळ मारबतीच्या मागं आडोशानं उभा होता. बायको गाऊनवर दिसली तेव्हापासून.

"काऊन गा उमेंद्र," बकाराम म्हणाला, "तुह्या बांधीचं पानी माह्या बांधीत येते, आन् तू सांगत नाई?"

"मले का मालूम," उमेंद्र म्हणाला. "माह्या घरात मले कोनी सांगत असते का?"

"पंप आना रे कोनी. आताच फवारून टाकू धुरा."

डिंपल आडवी आली. नर गेला होताच, आता माद्या, पिल्लं, गवत, सगळंच जाणार होतं. "अहो, तो धान खात नाही. गवत खातो."

"आज गवत खाते, उद्या धान खाईन," केवळराम म्हणाले. "धान बी गवतच होय ना?"

शास्त्राप्रमाणं धान हे गवतच होतं. परीक्षेत असलं उत्तर आलं असतं तर डिंपलनं काकांना पूर्ण मार्क दिले असते.

"काका, त्याला पंख नाहीत," तिनं दुसरी बाजू धरली. "उडता येत नाही. ज्या गवतावर जन्मतो तिथंच मरतो. सगळं आयुष्य वीस दिवसांचं. चालत तो कुठवर जाईल?"

केवळरामांनी डोळे बारीक करून बहेकारांच्या धुऱ्यापासून आपल्या बांधीपर्यंतचं अंतर मनात मोजलं. त्यांचा चेहरा बराच निवळला. बकारामची बांधी लागूनच होती, त्याचा निवळला नाही.

"आणि मी कुपी गावात परत नेतच नाहीये," डिंपल म्हणाली. हे तिला बोलता बोलताच सुचलं. "इथूनच्या इथं थेट गोंदियाला नेते. तिथून सर दुपारच्या गाडीनं बंगळूरला नेणार. मारबतीचं काम तेच ना, पिडा गावाबाहेर काढायची?"

खुशी एकदा खोकली.

"बंगळूर म्हंजे किती दूर होते?" केवळरामांनी उमेंद्रला विचारलं.

"गाडीनं दीड दिवस."

केवळरामांनी मारबतीकडे पाहिलं. बिचारी दरसाल शिवेपर्यंत येऊन जळत होती, अर्धा किलोमीटर. आजवर कोणाची पिडा रेल्वेत बसली नव्हती. त्यांनी गंभीरपणे मारबतीच्या गळ्यातला लाल धागा सोडवला आणि कुपी डिंपलच्या हातात दिली. "पंप राहू द्या रे. पन सूनबाई, शीव वलांडून मांगं एक पाऊल नाई टाकायचं. इथूनच जा."

"गाऊनवर?"

"मारबत का साडी बदलवून जाते?"

उमेंद्र मोटरसायकल आणायला घरी पळाला. डिंपलनं मागून यादी सांगितली: खुशीची कानटोपी, खोकल्याचं औषध, थर्मामीटर, उकळलेलं पाणी, दोन चड्ड्या, माझी ओढणी, चपला. तो ओढणी, कानटोपी आणि दोन वेगवेगळ्या चपला घेऊन आला; त्यातली एक सुशिलाबाईंची होती.

डिंपल मागं बसली, खुशी मधे, कुपी मुठीत. तेवढ्यात मंदाबाई पुढं आली. "सूनबाई वं, एवढ्या दूर जाऊन राहिलीच तं माहं गुडघ्याचं दुखनं बी ने."

"अहो काकू, मी कशी नेणार?"

"नुसतं हो म्हन ना. तुहं का जाते त्यात?"

"बरं. हो."

हा 'हो' महागात पडला. बकारामनं पाठदुखी दिली. कोणी पित्त दिलं, कोणी घरचे डास. बारावीच्या गणिताचं पुस्तक मारबतीच्या कमरेतून निघून डिंपलच्या मांडीवर आलं. गाडी सुरू झाली तशी पोरांनी एकदम सूर धरला, आणि मग मोठी माणसंही त्यात मिसळली:

"खासी-खोकला घेऊन जा गे डिंपल. ढेकून-मच्छर घेऊन जा गे डिंपल."

खुशी आईकडे वळून कौतुकानं टाळ्या वाजवत होती. उमेंद्रनं गाडीचा वेग वाढवला.

टेंभरे सरांनी दार उघडलं, गाऊन पाहिला, चपला पाहिल्या, गणिताचं पुस्तक पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं फक्त कुपी मागितली. टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलेलाच होता. त्यांनी कुपी काचेच्या ताटलीत रिकामी केली, डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. डिंपलनं त्या वेळात खुशीच्या कपाळाला तीनदा हात लावला.

"तू नर एक म्हणाली होतीस ना?" सरांनी विचारलं.

"एकच आहे, सर. खराब झाला का?"

"सात आहेत."

डिंपलनं स्वतः पाहिलं. एक, दोन, तीन. तांबूस बुडाचे, बिनपंखी, धडधाकट सात नर. शेजारी एक ढेकूणही होता, पण तो जुन्या ओळखीचा. तिनं घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आई, कुपीत तुम्ही काही टाकलं होतं?"

"टाकनार नाई तं का?" सुशिलाबाईंचा आवाज आला. "एकाच किड्याले पाठवून का फायदा, मांगं खानदान राह्यते. पहाटेच सूप घेऊन गेली धुऱ्यावर. तू झटकते तसंच झटकलं. सापडले तेवढे टाकले."

"किती वाजता?"

"पाच वाजले असतीन. दव होतं. वरच्या वरच, शेंड्यावर बसून होते लेकाचे."

सरांनी वेळ टिपून घेतली. नर पहाटे दवात शेंड्यावर येत होते आणि ऊन झालं की मुळाशी उतरत होते. महिनाभर डिंपलनं त्यांना दुपारी तीनला शोधलं होतं, कारण तेव्हा खुशी झोपायची. तांदळातले खडे चाळीस वर्षं निवडलेल्या डोळ्यांनी मात्र एका फेरीत सहा उचलले होते.

"ताई," सर फोनकडे वाकून म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कायले? केस होते का?"

"नाही हो. हे किडे कोणी पकडले, ते चिठ्ठीवर लिहावं लागतं. वर्णनातही येईल, तुमच्या सुनेच्या नावासोबत."

"अन् किडे मंग वापस पाठवान का?"

"छे. तिथंच राहतील. कपाटात. शंभर-दोनशे वर्षं."

"मंग लिहा," सुशिलाबाई म्हणाल्या, आणि शाळेत उभं केल्यासारख्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "सुशिलाबाई छोटेलाल बहेकार. मुक्काम दवनीवाडा. आन् खाली लिहा, गावात आता यक बी उरला नाई."

सरांची लेखणी थांबली. त्यांनी डिंपलला हळूच सांगितलं की, खरं तर आणखी थोडे लागतील. हे कसे राहतात, पहाटेच वर का येतात, तेही वर्णनात आलं तर चांगलं. म्हणजे जिवंतच हवेत, पहाटेचे, आणि सर परतेपर्यंत डिंपलनं त्यांच्यावर नजर ठेवायची.

डिंपलनं धीर गोळा केला. "आई, सर म्हणतात, उद्या पहाटे आणखी थोडे मिळाले तर बरं होईल. जिवंत."

"यक बी नाई ठेवला म्हनते ना मी."

"बरं, आई. राहू द्या मग."

फोन बंद झाला नाही. पलीकडं भांड्याचा आवाज झाला, सूप भिंतीला टेकल्याचा आवाज झाला.

"किती पाह्यजेत?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"दहा-बारा."

"पाहाव लागंन. पन तू नोको येऊ संग. तू पाय आपटत चालते, सारे खालतं पळतात."