पन्नास हजारावं कुलूप

बसवंतचा फोटो कारखान्याच्या भिंतीवर तिसऱ्यांदा लागला, त्या दिवसापासून जयसिंगराव मोहित्यांनी त्या भिंतीसमोरून जाणंच सोडून दिलं. डबा खायला निघाले की मागच्या दाराने, भट्टीला वळसा घालून, भर उन्हातून जात. डोकं तापायचं, घाम फुटायचा, पण बसवंतचे ते ओळीने लावलेले तीन हसरे चेहरे बघण्यापेक्षा ऊन परवडलं. शिवाय तिन्ही फोटोंत त्याच्या अंगावर बक्षिसाची शाल होती. तीन वर्षं, तीन शाली.

कारखाना कुलपांचा. बंगळुरात महादेवपुऱ्याच्या अलीकडे चिंचेच्या झाडांखाली दोन शेड आणि आत साठेक माणसं. निपाणीकडून आलेला बसवंत तिथे कुलपं जोडायचा आणि जयसिंगराव ती तपासायचे. प्रत्येक कुलूप एकवीस वेळा लावायचं, एकवीस वेळा उघडायचं, कडीला दोन्ही हातांनी हिसका द्यायचा आणि मन भरलं तर लहानशा हातोडीने ठसा मारून कुलपाच्या पाठीवर इंग्रजी ‘जे’ उमटवायचा. ‘जे’ म्हणजे जयसिंगराव. मन भरलं नाही, तर कुलूप परत. अकरा वर्षं हेच करून त्यांची बोटं अशी तयार झाली होती की कुलूप पुढे अडणार असेल, तर ते त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच कळायचं. तरीही ते एकवीस वेळा उघडून बघत. नियम म्हणजे नियम.

आता यात गंमत अशी, की कुलूप नीट चाललं तर लोक म्हणत, ‘बसवंतचा हात काय आहे बघा.’ आणि परत गेलं तर तेच लोक म्हणत, ‘जयसिंगरावांनी पुन्हा खोडा घातला.’ अकरा वर्षांत कुणी एकदा तरी म्हणावं, की बाबा, हे कुलूप तू परत पाठवलंस म्हणून कुणाचं तरी दुकान वाचलं? छे. कुणी चहासुद्धा आधी पुढे केला नाही.

घरी तर त्याहून वाईट. दोन्ही बिऱ्हाडं एकाच वठारात, म्हणजे चाळीत, आठ घरांत एक नळ. बसवंतची बायको चंद्राबाई थंडी असो नसो, ती बक्षिसाची शाल खांद्यावर टाकून पाण्याला यायची. जयसिंगरावांची बायको राजलक्ष्मी हंडा घेऊन परत आली, की दारातूनच सुरू व्हायची. एकदा तर तिने सरळ विचारलं, “अहो, तुम्ही तिथं करता तरी काय? चंद्राअक्का म्हणते, जयसिंगअण्णांना नाही म्हणायचा पगार मिळतो.” जयसिंगराव रागाने जेवायचे थांबले. मोहित्यांचं घराणं तीनशे वर्षं बंगळुरात, आणि हा निपाणीचा परवा आलेला माणूस शाल पांघरून बसतो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. खोटं कशाला सांगा, ते जळत होते. उठता-बसता जळत होते.

त्यातच खंडेनवमी आली. कारखान्यात आयुधपूजेचा थाट मोठा. आदल्या दिवशीच सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायची, करवती, कानशी, हातोडे ओळीने मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. ती त्यांच्या विश्रांतीची वेळ. शिपाई मल्लाप्पाच्या झाडूला आणि सायकलीलासुद्धा माळ पडायची. फक्त जयसिंगरावांच्या टेबलाला कुणी कधी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं, टेबल काय आयुध आहे थोडंच. त्यावर जयसिंगराव जे रुसले, ते अकरा वर्षं रुसलेलेच. त्यांचं टेबल, ठसा आणि हातोडी दरवर्षी कोपऱ्यात तशीच पडून असत.

यंदाची पूजा खास होती. पन्नास हजारावं कुलूप तयार होणार होतं. मालक हयवदनराव यांनी ठरवलं, की हे कुलूप पितळेचं करायचं, त्याची पहिली पूजा करायची आणि लगेच सामानाच्या खोलीला लावायचं. त्या खोलीत प्रसाद, हार आणि शाल ठेवलेली असायची. मागच्या वर्षी चिंचेवरच्या माकडांनी आत शिरून कोसंबरीचं, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीचं, अख्खं पातेलं फस्त केलं होतं, तेव्हा खोलीला कुलूप हवंच होतं. ते करायचा मान अर्थातच बसवंतला.

पूजेच्या सकाळी बसवंत ते चकाकणारं कुलूप घेऊन टेबलापाशी आला. नवा सदरा, कपाळाला गंध.

“अण्णा, मारा की ‘जे’. मालक वाट बघायलेत,” तो म्हणाला.

जयसिंगरावांनी कुलूप घेतलं. एकदा लावलं, उघडलं. दुसऱ्यांदा लावलं, उघडलं आणि बोटाला ते लागलं. अगदी बारीक, केसाएवढं. आतल्या पट्टीची धार घासायची राहिली होती. घाई असली की बसवंतकडून हे हमखास व्हायचं. असं कुलूप सात-आठ वेळा गुमान उघडायचं आणि मग एकदा जे लागायचं, ते चावीला दाद द्यायचं नाही.

“स्वल्प थांब,” जयसिंगराव म्हणाले.

“आजच्या दिवशी तरी न्हाई म्हणू नका अण्णा,” बसवंत हसून म्हणाला. “चंद्री सकाळपासनं पुढं येऊन बसलीया.”

झालं. चंद्राबाई पुढे बसली आहे म्हणजे शाल अंगावर घेऊनच बसली असणार, आणि चौथी घेऊन जाणार. जयसिंगरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मालकांच्या, सगळ्या कामगारांच्या आणि बायकामुलांच्या देखत बसवंतचं कुलूप अडून बसलंय. मग कळेल सगळ्यांना, तपासणारा नसला की काय होतं ते. नाही म्हणू नका म्हणतोस ना? नाही म्हणत.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकवीसचा नियम मोडला आणि हातोडीच्या एका ठोक्यात ‘जे’ मारून कुलूप परत दिलं.

पूजा सुरू झाली. जयसिंगराव पुढे सरकून उभे राहिले. आपण उघडलं दोनदा, आता पुढचे मोजायचे. मालकांनी कुलपाला कुंकू लावलं, खोलीला लावलं, सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. तीन. टाळ्या झाल्या. मल्लाप्पा कापूर आणायला आत गेला. चार. माकडं टपून बसलेली, म्हणून दर वेळी तो आठवणीने कुलूप लावत होता. नारळ राहिले. पाच. काडेपेटी राहिली. सहा. आणि दर वेळी कुलूप असं लोण्यासारखं उघडायचं, की मागून कुणीतरी बसवंतची वाहवा करायचं. जयसिंगरावांचे कान तापले. आता मल्लाप्पाचं सगळं सामान बाहेर आलं होतं आणि तो हात बांधून उभा राहिला. हा आता आत जाणार तरी कधी? शेवटी त्यांनीच हळूच त्याच्या कानात सांगितलं, की विड्याची पानं आतच राहिलीत वाटतं. मल्लाप्पा गेला, पानं घेऊन आला, खोलीला कुलूप लावलं. सात.

कोहळा फुटला, आरती झाली आणि हयवदनराव बोलायला उभे राहिले. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. होसकोट्याच्या एका धान्य-व्यापाऱ्याचं होतं. त्याने लिहिलं होतं, की तीन वर्षं तुमची तीनशे कुलपं वापरतोय, एकही अडलं नाही, एकही तुटलं नाही. बाकीच्या कारखान्यांची कुलपं वापरून पाहिली, ती सहा महिन्यांत गेली. तुमच्या कुलपांच्या पाठीवर ‘जे’ असतो. हा कोण माणूस आहे ते कळवा आणि यापुढे ‘जे’ असल्याशिवाय मला एकही कुलूप पाठवू नका.

“आम्ही दरवर्षी करणाऱ्याला शाल देतो,” मालक म्हणाले. “तपासणाऱ्याकडे आमचं लक्षच गेलं नाही. यंदाची शाल जयसिंगरावांना.”

साठ माना वळल्या. राजलक्ष्मी बायकांच्या घोळक्यातून ताडकन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते जयसिंगरावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना आनंदाने रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात मालकांनी मल्लाप्पाला शाल आणि हार आणायला सांगितलं आणि जयसिंगरावांनी मनात मोजलं, आठ.

मल्लाप्पाने चावी फिरवली. फिरेना. बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. फिरेना. मालकांनी करून पाहिलं. बसवंतने करून पाहिलं, आणि पहिल्याच झटक्यात त्याचा चेहरा उतरला. मग सगळे म्हणाले, जयसिंगरावांना बोलवा, त्यांची बोटं जाणती. जयसिंगरावांनी कुलूप धरलं, चावी फिरवली. फिरेना. पाठीवरचा ‘जे’ थेट त्यांच्याकडेच बघत होता.

प्रसाद आत, शाल आत. कुणी म्हणालं करवत आणा. करवतीला हळदकुंकू झालेलं. हातोडा? त्याच्यावर झेंडू. कानस, पहार, घण, सगळे फुलं अंगावर घेऊन विश्रांतीला बसलेले. एवढा मोठा कुलपांचा कारखाना, भिंतीभर हत्यारं, आणि एक कुलूप तोडायला काही नाही. शेजारच्या कारखान्यातून काही आणावं, तर तिथेही आजच आयुधपूजा. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, मुलं प्रसाद मागून रडायला लागली.

“एक हातोडी हाय,” मल्लाप्पा म्हणाला. “तिची पूजा आपण कधी केलीच न्हाई.”

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. जयसिंगरावांची ठसा मारायची हातोडी तिथे बिनकुंकवाची पडली होती. ती त्यांच्याच हातात देण्यात आली. लहानशी हातोडी आणि जाड पितळ. बिनपूजेची छिन्नी नव्हतीच, म्हणून जयसिंगरावांनी तो पोलादी ठसाच कडीच्या फटीत घातला आणि ठोकायला सुरुवात केली. चांगली वीस मिनिटं ते आपलाच ‘जे’ मारलेलं कुलूप फोडत होते. सदरा भिजला. शेवटी कडी तुटली, दार उघडलं.

मालक शाल घेऊन बाहेर आले, तशी बसवंतने पुढे होऊन हात जोडले.

“मालक, चूक माझी हाय. घाईत पट्टी घासायची ऱ्हायली.”

सगळीकडे कुजबूज झाली. केवढा प्रामाणिक माणूस. चंद्राबाईने डोळ्यांना पदर लावला. आणि जयसिंगरावांना आतून असं काही डसलं, की शाल समोर दिसत असतानाही त्यांना राहवेना. काय माणूस आहे हा. चूक करतो, तरी कौतुक यालाच.

“चूक त्याची नाही,” ते मोठ्याने म्हणाले. “दुसऱ्याच फेऱ्याला मला कळलं होतं. कळून सवरून मी ‘जे’ मारला.”

आता आपल्यासाठीही कुजबूज होईल म्हणून ते थांबले. ती झाली नाही. मालकांनी विचारलं, का.

“तीन वर्षं त्यालाच शाल मिळते, मालक. मला बघवत नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बसवंत त्यांच्याकडे बघतच राहिला. राजलक्ष्मी हळूच खाली बसली. हयवदनराव हातात शाल घेऊन विचार करत उभे राहिले. भिंतीवरच्या फोटोसाठी बोलावलेला फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून विचारत होता, कुणाला उभं करायचं.

करणाऱ्याला द्यावी, तर कुलूप अडलेलं. तपासणाऱ्याला द्यावी, तर त्यानेच ते अडू दिलेलं. आणि पूजेची शाल परत न्यायची नसते. मालक चालत कोपऱ्यात गेले.

“पन्नास हजार कुलपं या टेबलावरून गेली,” ते म्हणाले. “एकच न तपासता गेलं, आणि साठ माणसं बायकापोरांसकट उपाशी उभी राहिली. आधी पूजा याची व्हायला हवी होती. आमचंच चुकलं.”

त्यांनी टेबलाला हळद लावली, कुंकू लावलं, हातोडीवर आणि ठशावर झेंडू वाहिला, हार घातला आणि वर ती कोरी शाल व्यवस्थित पांघरली. फोटोवाल्याने जयसिंगरावांना स्वल्प बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले, पण पुरेसे झाले नाहीत, म्हणून फोटोत टेबलाशेजारी त्यांचं एक कोपर आलं आहे.

दुसऱ्या दिवशी नळावर कुणीतरी मुद्दाम विचारलं, यंदा शाल कुणाला. राजलक्ष्मी हंडा न उचलता म्हणाली, “आमच्या टेबलाला,” आणि चंद्राबाईकडे बघितलं. चंद्राबाईच्या खांद्यावर त्या दिवशी शाल नव्हती.

दसरा झाल्यावर कामाला सुरुवात झाली, तसा बसवंत पहिलं कुलूप घेऊन आला आणि टेबलापाशी उभा राहिला. जयसिंगरावांनी ते एकवीस वेळा लावलं, एकवीस वेळा उघडलं. बसवंतने एकदाही घाई केली नाही. ‘जे’ मारल्यावर त्याने आपला चहा जयसिंगरावांपुढे सरकवला. जयसिंगरावांना बरं वाटलं. डबा खायची वेळ झाली, तेव्हा निघण्याआधी त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला, तोच मल्लाप्पा धावत आला.

“तिथं डबा ठेवू नका, अण्णा. मालकांनी सांगितलंय, त्याचा मान हाय.”

जयसिंगरावांनी डबा उचलला. टेबलावर ताजा हार होता. पुढच्या वाटेवरच्या त्या भिंतीवर बसवंतच्या तीन फोटोंशेजारी चौथा नवाकोरा फोटो लागला होता, शाल पांघरलेल्या टेबलाचा. त्यांनी हार घातलेल्या आपल्या टेबलाकडे एकदा खालून वर पाहिलं आणि मागच्या दाराने, भट्टीला वळसा घालून, उन्हातून डबा खायला निघून गेले.