चन्नप्पांचा मोठा वाटा

वालूरच्या चन्नप्पांना आयुष्यात एकच विद्या येत होती. दोन वाट्यांतला मोठा वाटा कोणता, हे ते लांबून ओळखत. (किराणा दुकान चालवणं ही विद्या निराळी. ती त्यांना येत नव्हती.) लहानपणी दोघे भाऊ गुळाच्या खड्यावरून एकमेकांचे केस उपटत, म्हणून आईने फैसला करून टाकला होता. थोरल्या सांबप्पांनी वाटे करायचे, धाकट्या चन्नप्पांनी आधी उचलायचं. चन्नप्पा वाकून, डोळे बारीक करून, सरकारी गिरदावर शेत मोजतो तसा गूळ न्याहाळत आणि मोठा खडा उचलत. उरलेला सांबप्पा मुकाट्याने चघळत. याला चन्नप्पा आपली हुशारी म्हणत.

पुढे वय वाढलं, अक्कल होती तिथेच राहिली. आईबाप गेले आणि दोघांत इतकी तकरार झाली, की घर वाटायचं ठरलं. (त्यांच्या बायकांचं छान पटत होतं, पण त्यांना कोण विचारतो?) रीत जुनीच. सांबप्पांनी अंगणात चुन्याची रेघ ओढली आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

रेघेच्या आतल्या बाजूला आड, स्वयंपाकघर, सरकीची खोली आणि माळवदावर जाणारा जिना आला. बाहेरच्या बाजूला एक खोली, ओटा, बैलांची दावण आणि गल्लीत उघडणारा दरवाजा.

"आतली बाजू माझी," चन्नप्पा म्हणाले, आणि थोरल्याला पुन्हा उल्लू बनवलं या आनंदात त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

लिंबाजी गवंडी भिंत घालायला आला. "मालक, भिंतीत दरवाजा कुठं ठिवू?"

"दरवाजा कशाला? त्याची वासरं माझ्या अंगणात यायला? उंदीर जाता कामा न्हाई."

लिंबाजीने चन्नप्पांकडे पाहिलं, गल्लीच्या दरवाजाकडे पाहिलं, आणि तो पलीकडच्या बाजूने कामाला लागला. चन्नप्पांना काही समजावून कुणाचं भलं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. इकडून चन्नप्पा दोरी धरून उभे. भिंत बोटभरही आपल्याकडे सरकू नये, एवढीच त्यांना काळजी.

भिंत पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी जिंतूरचे ईश्वरअप्पा आपल्या मुलासाठी चन्नप्पांची मुलगी बघायला येणार होते. चन्नप्पा लिंगपूजा आटोपून, पटका बांधून पाहुण्यांना आणायला निघाले, आणि भिंतीपाशी थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले.

"सिद्धम्मा, आपला दरवाजा कुठंय?"

"थोरल्या भावजींकडं हाय," बायको चुलीपासून म्हणाली.

"मग काल का न्हाई बोललीस?"

"मला वाटलं, बिनदरवाजाचं घर ही बी तुमची कायतरी हुशारीच असंल."

मुलगी बघायला निघालेल्या सेलूच्या लोकांनी आधीच या भावांची भांडणं ऐकून गाडी माघारी वळवली होती. ईश्वरअप्पा तर अशा घराचं पाणीही घेत नसत. ही सोयरीक मोडली तर पोरगी घरात राहणार होती, आणि ती आपल्यामुळे, हे चन्नप्पांनाही कळत होतं. (म्हणजे गोष्ट किती उघड असेल पहा.)

ते माळवदावर चढले, तिथून भिंतीवर उतरले आणि पलीकडे पाय टाकताना त्यांचं धोतर दगडांत अडकलं. उतरावं तर धोतर वरच राहिलं असतं. नेमकी तेव्हाच गल्लीत गाडी थांबली.

"चन्नप्पांचं घर हेच का?" ईश्वरअप्पांनी उघड्या दरवाजातून विचारलं.

"हेच," वरून आवाज आला.

ईश्वरअप्पांनी मान वर केली. "तुमी तिथं काय करायलाव?"

चन्नप्पांनी एका हाताने धोतर धरलं. त्यांनी ओट्यावरच्या सांबप्पांकडे पाहिलं. वाटणीपुरतं सोडलं तर दोघांत कित्येक महिने बोलणं नव्हतं. 'आमचं जमत न्हाई' एवढं सांबप्पा म्हणाले असते तरी सगळं संपलं असतं.

सांबप्पा उठले. "शरणार्थ, या बसा. धाकटा भाऊ हाय माझा. नवी भिंत पक्की हाय का बघायलाय. वर बसून बघितल्याबिगर त्याचं समाधान व्हत न्हाई."

मग त्यांनी पहार घेतली आणि दुसऱ्या टोकाला ओल्या भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. "पक्की न्हाई," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. भगदाडातून मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सांबप्पांच्या गंगम्माने तिच्या केसांतली माती झटकली. सोयरिकीची बोलणी ओट्यावर सांबप्पांनी केली, आणि मुलीचा बाप भिंतीवरून मान डोलवत राहिला. ईश्वरअप्पांना घरातला एकोपा फार आवडला.

पाहुणे गेल्यावर सांबप्पांनी शिडी लावून भावाला खाली घेतलं.

"अण्णा, दरवाजा मुद्दाम ठिवलास व्हय तुझ्याकडं?"

"मुद्दाम करायचं तर आड ठिवला असता. आई म्हणायची, चन्ना लहान हाय, मोठा तुकडा त्याला जाऊ दी. तवापास्नं एक वाटा मोठाच करतो. आन तुला दिसावा म्हणून लय मोठा करावा लागतो."

चन्नप्पांची जन्माची विद्या तिथल्या तिथे गेली. त्यांना रडू आलं. भावाच्याच उपरण्याला त्यांनी डोळे पुसले, आणि सांबप्पांनी पुसू दिले.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून उरलेली भिंत पाडली. सांबप्पांनी दगडमातीचे दोन ढीग केले. "उचल," ते म्हणाले.

चन्नप्पा वाकले. डोळे बारीक केले. मोठ्या ढिगावर पाय ठेवला. "हा माझा."

"बरं. आता ज्याचा ढीग त्यानं ओढ्यावर टाकून यायचा."

सांबप्पांचा ढीग लवकरच संपला. मग ते ओट्यावर सुपारी कातरत बसले, आणि डोक्यावर पाटी घेऊन चन्नप्पा समोरून गेले की दर खेपेला त्यांच्या तोंडात एक खांड टाकू लागले. भावाभावांची दोस्ती जमली ती अशी. आणि घराचा दरवाजा कुठे आहे, हेही चन्नप्पांना त्या दिवसांत पाठ झालं.