घरातल्या समद्या चाव्या आणा

आमच्या शिवलिंगआप्पांना गाडीची चावी हरवल्याचं सांगितलं, की ते चावीबद्दल काहीच विचारत नाहीत. स्थळ बघायला आल्यासारखी गाडीभोवती एक फेरी मारतात, डिकीवर दोन बोटं वाजवतात आणि म्हणतात, "कोण ही? आजी, सासू, सून का नात?"

नळदुर्गात हायवेला लागून आप्पांचं चावीचं दुकान, आणि त्याला चिकटून माझं सीटकव्हरचं. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे त्यांच्या दुकानातलं एक अक्षर माझ्यापासून लपत नाही. सोलापूर ते हैदराबाद या रस्त्यावर चावी हरवलेला माणूस कुठंही जात असला तरी आधी आप्पांकडं येतो. काही लोक तर आप्पांचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून मुद्दाम चावी हरवतात, असं माझं ठाम मत आहे.

तर आजी, सासू, सून, नात. एकच डिकीवाली गाडी कंपनीनं चार वेळा नव्यानं काढली आणि प्रत्येक वेळी चावी बदलली. आप्पांच्या लेखी ते एक घराणं.

"आजी साधी बाई," ते गिऱ्हाइकाला समजावतात. "लोखंडाची चावी, काकडीवानी कापली की लागली. सासूच्या चावीच्या डोक्यात चिप. चावी फिरंल, लाईट लागंल, पर वळख पटल्याबिगर सासू तोंडातनं शब्द काढायची न्हाय. सून रिमोटवाली, लांबनंच टुक्‌ करती. आन् नात? यप्पा! तिला चावी लावायला भोकच न्हाय. चावी खिशात घेऊन नुस्तं शेजारी हुबं ऱ्हायलं की दार उघडती."

चावी कापणं दोन मिनिटांचं. खरं काम पुढं. आप्पांकडं पाटीएवढं एक मशीन आहे. त्याची वायर स्टेअरिंगखाली जोडायची आणि गाडीला नवी चावी ओळखायला शिकवायची. यात एक मेख आहे. शिकवताना गाडी पहिली सगळी ओळख पुसून टाकते आणि नव्यानं हजेरी घेते. त्या वेळी जी चावी समोर असेल तीच तिच्या लक्षात राहते. घरी कपाटात राहिलेली चावी मग बाद. म्हणून आप्पा प्रत्येकाला बजावतात, "घरातल्या समद्या चाव्या आणा. जी हजर न्हाय, ती गाडीला मेली."

याच नियमापायी म्हशीचं प्रकरण झालं. ईट गावच्या एका बागायतदाराच्या नातीची, म्हणजे चौथ्या पिढीच्या गाडीची, एक चावी म्हशीनं कडब्याबरोबर गिळली. दुसरी चावी विहिरीत पडली. पण गाडी बंद पडली नाही! म्हैस दारापुढून गेली की गाडी टुक्‌ करून दार उघडायची. गावात कौतुक झालं, पण बागायतदाराला म्हैस शेजारी बसवून सोलापूरला जाणं बरं दिसेना. त्यानं आप्पांना फोन केला. आप्पांनी नेहमीचं वाक्य टाकलं. सकाळी माझ्या दुकानापुढं टेम्पो उभा राहिला, आणि त्यात म्हैस, मागं दोरानं ओढत आणलेली गाडी. आप्पांनी शांतपणे तिला गाडीशेजारी उभी केली, नवी चावी शिकवली आणि म्हशीची नोंदही कायम ठेवली. "मुकं जनावर हाय," म्हणाले, "आपून कशाला पुसायचं?"

या हकीकतीत मी म्हशीचं वजन सोडून काहीही वाढवलेलं नाही.

असा हा माणूस. आणि त्याच्याच दारात त्याची स्वतःची गाडी, दुसऱ्या पिढीची सासू, तीन आठवडे धूळ खात उभी होती! आप्पांची चावी हायवेवर पडली आणि ट्रकनं चिपचा पापड केला. गुडघ्याचे उपचार चालू असलेल्या गौराक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, दर मंगळवारी एस.टी.च्या पायऱ्या चढताना "अय्यो शिवा" म्हणायच्या, ते अर्ध्या स्टँडला ऐकू जायचं. तिसऱ्या मंगळवारी त्या पायरीवरच बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा एस.टी.नं आणलंत तर गुडघा माझ्या हातात राहायचा नाही.

"जगाला चाव्या देतंय माझं माणूस," त्या मला म्हणाल्या, "आन् घरचं चाक फिरंना. तुमी तरी सांगा की भावजी."

मी गेलो. आप्पा गाडीत बसले होते, मशीन मांडीवर, वायर जोडलेली. नवी चावी कापून तयार. मी शेजारच्या सीटवर बसलो.

"काय अडलंय आप्पा?"

त्यांनी मशीनवरचं इंग्रजी त्यांच्या मराठीत वाचून दाखवलं. "म्हणतंय, वळखीच्या चाव्या दोन. समद्या पुसू का? हो का न्हाय?"

दोन. एक पापड झालेली. दुसरी मल्लूची.

मल्लू म्हणजे आप्पांना 'अण्णा' म्हणणारा त्यांचा धाकटा भाऊ. ही गाडी दोघांनी मिळून घेतलेली, एकेक चावी एकेकाकडं. चार वर्षांमागं आप्पांच्या लेकीचं लग्न झालं. चुलत्याच्या मानाच्या फेट्यासाठी माईकवरून मल्लूचं नाव पुकारलं, तेव्हा मल्लू आचाऱ्याच्या मागं बुंदीवर लक्ष ठेवून उभा. कुणीतरी घाईघाईनं तो फेटा दुसऱ्याच पाहुण्याला बांधला. मल्लू हात पुसत बाहेर आला, परक्या डोक्यावर आपला फेटा बघितला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सासुरवाडीला, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेला. तिथं कुलपांचं दुकान टाकलं. आधी फोन कुणी करायचा, एवढ्यावर चार वर्षं गेली.

"दाबा की हो," मी म्हणालो. "वाशीत बसलेल्या माणसाला काय कळणार आहे?"

"त्याला न्हाय कळायचं," आप्पा म्हणाले. "मला कळंल की."

त्यांनी वायर काढली. "लूज कॉन्टॅक्ट हाय," असं वायरीकडं बघत म्हणाले आणि वायर इतक्या काळजीनं गुंडाळायला लागले, की मला तिथं बसवेना.

दुकानात येऊन मी वाशीला फोन लावला. खरं बोलून काम होण्यातलं नव्हतं, म्हणून माझ्या नेहमीच्या भाषेत बोललो. "मल्लू, उद्या अकराला आप्पा तुझी चावी गाडीतनं पुसणार. वकील सांगितलाय, व्हिडिओवाला सांगितलाय, शंभर माणसाचं जेवण हाय."

मग मल्लू म्हणाला, "फेटे बांधणार हायत का?"

"तेवढं इचारलं न्हाय."

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मल्लू दुकानापुढं उभा. वाशीहून दोन एस.टी. बदलून अकराच्या आत पोचायचं म्हणजे हा अंधारातच निघालेला. वकील कुठं दिसतो का, म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की मी सीटकव्हरच्या ढिगामागं गेलो.

"चावी आणलीय," तो आप्पांना म्हणाला. "नोंद करा आन् द्या परत. दोनची गाडी हाय मला."

आप्पांनी मान वर केली नाही. घरात बोलायच्या कानडीत म्हणाले, "बा, कुंद्रु. ऊटा आतेनु?" ये, बस, जेवलास का.

मल्लू बसला. जेवलो म्हणाला, तरी गौराक्कांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवली आणि तो जेवला.

आता हे काम दहा मिनिटांचं. मी पत्र्याआडून शेकडो वेळा ऐकलंय. पण त्या दिवशी मशीनला काय धाड भरली होती कुणास ठाऊक. आधी चार्जिंग नव्हतं. मग नेट नव्हतं. मग गाडीची बॅटरी जरा विसावली पाहिजे, असं आप्पांनी जाहीर केलं. दोनची गाडी गेली. मग मल्लूनं वायर धरायची आणि आप्पांनी चावी फिरवायची, असं सुरू झालं. वायर धरायला माणूस लागतो, हे मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. चारचीही गाडी गेली.

मी चहा घेऊन गेलो, तेव्हा दोघे पुढच्या सीटांवर शेजारी शेजारी होते. मशीन मल्लूच्या मांडीवर. हे मशीन चालवायला दोघं भाऊ एकत्रच शिकलेले, त्यामुळे त्यावरचं प्रत्येक अक्षर मल्लूला पाठ. पडद्यावर हिरव्या अक्षरात काम पूर्ण झाल्याचं आलेलं होतं, नोंदवलेल्या चाव्या दोन. ते मलासुद्धा कळलं.

आप्पा काचेतून समोरच्या हायवेकडं बघत होते. "झालं का रं?" त्यांनी विचारलं.

मल्लूनं पडद्याकडं नीट बघितलं. मग मशीन जरा आपल्याकडं वळवून घेतलं.

"न्हाय अजून, अण्णा," तो म्हणाला. "लई येळ लागंल."