लाल शाईतला नाइस

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. एका शब्दाची लीला सांगतो. हसलात तर पुण्य तुमचं, नाही हसलात तर पाप इंग्रजीचं.

बटणांच्या कारखान्यात एक कारकून होता. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे करता करता सहा वर्षं सरली, तरी नोकरी कच्चीच. शेवटी त्याने कायम करण्यासाठी अर्ज दिला. शुक्रवारी साहेबांच्या टेबलावरची फाइल उचलताना अर्जाच्या समासात लाल शाईतला इंग्रजी शब्द दिसला : नाइस!

गडी तरंगतच घरी आला. "अगं, साहेबांनी मला नाइस म्हटलं!"

"त्यांनी कुठे तुमच्याबरोबर संसार केलाय?" बायको म्हणाली.

तिचा भाऊ इंग्रजीचा निवृत्त मास्तर. त्याने जाडजूड कोश मांडीवर घेतला. "हुरळू नका, भाऊजी. नाइस मूळचा लॅटिन. अर्थ, ज्याला काही कळत नाही तो. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तोही मूर्ख म्हणूनच. पुढे लाजरा झाला, चोखंदळ झाला, चांगला व्हायला शतकं लागली."

"पण झाला ना शेवटी?"

"झाला. पण तुमचे साहेब जुन्या वळणाचे!"

झालं! सोमवारी कारकून तणतणत साहेबांपुढे उभा. "अर्जावर काय लिहिलंत ते वाचलंय मी. खरा अर्थही कळलाय!"

साहेबांचा चहा बशीत सांडला. "हळू बोला हो! दार लावा आधी."

"का लावू? सहा वर्षं राबलो त्याचं हे फळ? कळू दे सगळ्यांना!"

"अहो, आठवणीसाठी खरडलं होतं. बहिणीने डोकं खाल्लं, पोरीला या जागेवर चिकटव म्हणून. भाचीचं बघतो मी दुसरीकडे. मालकांना तेवढं सांगू नका!" आणि साहेबांनी मंजुरीची सही ठोकली.

घरी सगळा प्रकार ऐकून मास्तर कोश पालथा घालून दमला. "मूर्ख आहे, लाजरा आहे... यात भाची कुठेच नाही!"

"दादा, भाचीला इंग्रजीत काय म्हणतात?" कारकुनाच्या बायकोने विचारलं.

"नीस."

"मग साहेबांच्या हातून एक अक्षर गळालं असेल."

मास्तराने कोश हळूच मिटला.

तर मायबाप, आज हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागून झालं, की त्या न पाहिलेल्या पोरीची आठवण ठेवा. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. मामाचं स्पेलिंग कच्चं होतं.