गुबाऱ्याचा परवाना

हुलसूरच्या श्रीपतरावांनी हैदराबादेत एका जहागीरदाराच्या लग्नात गुबारा पाहिला होता. गुबारा म्हणजे फुगा, पण हा रबराचा नव्हे. माणसाएवढा, पतंगी कागदाचा, खालून बोळा पेटवला की गरम हवेनं आभाळात जाणारा. पाहिला एकदाच, तोही एका लठ्ठ माणसाच्या पागोट्याआडून. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गावात जाहीर केलं, "त्यात काय हाय? कागूद, खळ, कामट्या आन् घासलेटात बुडवलेला बोळा. नातीच्या बारशाला चार सोडतो!"

नात तिसरी होती. गोम तिथंच होती.

कमलनगरचे व्याही उद्धवराव यांनी निरोप धाडला होता की तिसऱ्या पोरीला बारसं कशाला, नकुशा म्हणा, म्हणजे पुढचा मुलगा होईल. नकुशा, म्हणजे नको असलेली. श्रीपतरावांच्या मनात नाव होतं चंद्रकला. पण मुलीच्या बापानं व्याह्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं? तेव्हा त्यांनी ठरवलं, बारसंच असं दणक्यात करायचं की वर चार गुबारे तरंगत असताना खाली 'नकुशा' म्हणायला कुणाची जीभ वळू नये.

कृती.

पतंगी कागद आणावा. (आणला.)

कामट्या तासाव्यात. (बोट तासलं.)

ज्वारीच्या पिठाची खळ शिजवावी. (पत्नी सत्यभामाबाईंनी शिजवली, आणि "चांगलं पीठ कामून नासायलाव?" हे तीनदा विचारलं.)

चिकटवून अंगणात वाळत ठेवावा. (शेळीनं खाल्ला. खळीसकट.)

शेळी बांधावी. (बांधली, पण उशिरा. उरले तीन.)

आता परवाना. ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, १३४६ फसली सालातली, म्हणजे इसवी १९३६-३७ ची. पन्नास माणसं गोळा करायची आणि त्यांच्या डोक्यावर आग सोडायची, तर सरकारला विचारायला हवं, आणि विचारायचं ते उर्दूत. श्रीपतरावांचं उर्दू बाजारापुरतं. म्हणून ते काशप्पा अर्जनवीसांकडे गेले. काशप्पांचं उर्दू उत्तम होतं, फक्त हाताला घाई फार. श्रीपतरावांनी सांगितलं की लई दिसांपासून मनात आहे, नातीच्या बारशाला सगळ्या गावासमोर गुबारा सोडायचा, आगीचं आमचं आम्ही बघतो. काशप्पांनी भराभर लिहिलं, अंगठा घेतला, अर्ज तालुक्याला गेला. 'गुबारा' शब्दाचं शेवटचं एक अक्षर तेवढं टाकातच राहिलं.

तालुक्याच्या पोलिसांचे अमीनसाहेब. त्यांच्या हाती जो अर्ज पडला तो असा:

'सायल के दिल में बहुत दिनों से गुबार है. नवासी के नाम रखने के दिन तमाम गाँव के सामने निकालना चाहता है. आग का इंतज़ाम सायल खुद करेगा.'

सायल म्हणजे अर्जदार. नवासी म्हणजे लेकीची लेक. आणि गुबारा म्हणजे फुगा असला, तरी गुबार म्हणजे मनात साठलेला राग.

बारशाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाळणा सजला होता, बाया जमल्या होत्या, उद्धवराव लोडाला टेकून आढ्याकडे बघत होते. आणि दारात सहा जवानांसह अमीनसाहेब उभे राहिले.

श्रीपतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेब स्वतः गुबारे बघायला आले!

"गुबार तुम्हारा है?" साहेबांनी विचारलं.

"जी, माझाच. तीन हायेत."

"तीन?"

"चार व्हते साहेब. एक शेळीनं खाल्ला."

एका जवानानं लाठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"किसके खिलाफ है?"

"वाऱ्याच्या खिलाफ गेला तर घात व्हतो साहेब. वाऱ्यासंगं सोडला की सरळ वर."

"कब से भर रहे हो?"

"अजून कुठं भरलाय? तुमच्यासमोरच पेटवितो. घासलेट तयार हाय."

घासलेटाचं नाव निघालं आणि साहेबांची भुवई हलली. दोन जवानांनी श्रीपतरावांचे दंड धरले. पाळणा म्हणणाऱ्या बाया पहिल्याच कडव्यात थांबल्या. उद्धवराव उठून जोडे शोधू लागले, आणि शोधता शोधता बोलत राहिले की ह्या घरात आता बारसंफिरसं काही नको, सून आणि पोर आजच गाडीत घाला, नकुशा ती नकुशाच.

हवालातीला श्रीपतराव भ्याले होतेच. पण पोर तशीच जाणार, कमलनगरला जाऊन जन्मभर ते नाव वागवणार, हे ध्यानात आलं आणि त्यांनी साहेबांपुढं हात जोडले.

"साहेब, मला न्या," ते म्हणाले. "पण एक सोडू द्या. पोरीसाठी केलाय."

पुरावा डोळ्यांनी पाहावा, असा साहेबांनी विचार केला असावा. "निकालो," ते म्हणाले.

श्रीपतराव खोलीत गेले. अंगण मागं सरकलं. आणि ते बाहेर आले ते गुलाबी-हिरव्या कागदाचं एक ढेरपोटं धूड छातीशी धरून. साहेबांनी धुडाकडं पाहिलं, हातातल्या अर्जाकडं पाहिलं, पुन्हा धुडाकडं पाहिलं. तोवर बोळा पेटला होता. धूड फुगलं, डुललं, श्रीपतरावांच्या हातातून सुटलं आणि लिंबाच्या शेंड्यावरून सरळ वर गेलं. त्याच्यामागं साहेबांची मान गेली, सहा जवानांच्या माना गेल्या. बायांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि हसत सुटले. "ये हर्फ भी बकरीच खाई क्या?"

हर्फ म्हणजे अक्षर; कुठलं अक्षर खाल्लं हे कुणालाच कळलं नव्हतं, पण साहेब हसतात म्हटल्यावर सगळं अंगण हसलं, आणि श्रीपतराव इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

साहेबांनी तिथंच दौत मागवली. अर्ज दफ्तरात नोंदला गेला होता, त्यातला शब्द आता बदलता येत नव्हता; परवाना त्याच शब्दावर द्यायचा. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, बच्चीचं नाव काय?

"नक..." उद्धवराव म्हणाले.

"चंद्रकला," श्रीपतराव म्हणाले, आणि मोठ्यानं म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. शिक्का मारला. उद्धवराव क्षणभर त्या ओल्या शिक्क्याकडं बघत राहिले, मग त्यांनी जोडे काढून पुन्हा लोड जवळ केला. सरकारात लागलेलं नाव खोडायला कमलनगरात रबर मिळत नव्हतं.

घुगऱ्या खाऊन साहेब गेले. उरलेले दोन गुबारे गेले. पाव्हणेही पांगले. श्रीपतरावांनी मोठ्या कौतुकानं काशप्पांकडून परवाना वाचून घेतला. काशप्पांनी या खेपेला सावकाश वाचलं: सायल आणि त्याच्या घरच्यांना आज दिवस मावळेपर्यंत दिलातला गुबार सर्वांसमोर काढण्याची इजाजत आहे. आणि आता दडवण्यात अर्थ नव्हता, म्हणून गुबार म्हणजे काय तेही सांगितलं.

सत्यभामाबाई घुगऱ्यांचं पातेलं घासत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काशप्पाण्णा, घरच्यांत मी येते का?"

"येता की, अक्का."

"मंग तुम्ही बी बसा," त्या म्हणाल्या, आणि हात पुसून श्रीपतरावांच्या समोर मांडी घालून बसल्या. "तीस वरसांचा हाय."

श्रीपतरावांनी मावळतीकडं पाहिलं. दिवस अजून चांगला कासराभर वर होता.